लिपिकाची लिपी

सरकारी मराठीत आम्हा बँकेतल्या कारकुनांना 'लिपिक' म्हणतात. शब्द भारदस्त आहे. लिपीशी ज्याचे सूत जुळले तो लिपिक, अशी कोणीही भोळा माणूस त्याची फोड करील, आणि काउंटरपलीकडची मंडळी तशीच ती करतात. पैसे भरायची स्लिप, पीकविम्याचा अर्ज, हयातीचा दाखला, जावयाला लिहायचे खरमरीत पत्र, सगळे आमच्यापुढे सरकवून "साहेब, तेवढं लिहा की" म्हणतात. गेली बावीस वर्षे धाराशिव जिल्ह्याच्या निरनिराळ्या तालुक्यांत मी हे लिहीत आलो आहे. मी बी.कॉम. आहे; म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजू सोडल्या तर जगाला तिसरी बाजू असते, असे मला कॉलेजात कोणी सांगितले नाही. तेव्हा लिपीचा इतिहास वगैरे लिहिणे हा माझा प्रांत नव्हे. पण दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक फ्लॉपी खाली पडली आणि मला तो इतिहास शिकावा लागला.

फ्लॉपी चिरंजीवांच्या पायाशी पडली. पालीचे शेपूट धरावे तशी ती दोन बोटांत धरून त्यांनी माझ्याकडे आणली. वर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शाळामास्तरी वळणाचे अक्षर: 'आठवणी. पाने 112. जपून ठेवणे.'

अण्णा प्राथमिक शिक्षक होते. 1996 साली निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला बसले. निजामाच्या राज्यातले गाव, 1948चा सप्टेंबर, 1972चा दुष्काळ, 1993चा भूकंप (त्या वेळी ते उमरगा तालुक्यात होते), असे जे जे डोळ्यांनी पाहिले ते चार दोनशेपानी वह्यांत उतरवले. 1998 साली त्या वेळच्या उस्मानाबादेत बसस्टँडसमोरच्या एका डीटीपीच्या दुकानात ते टाइप करून घेतले. पुढे छपाईचा खर्च ऐकून "बघू पुढं" म्हणाले आणि त्या पुढच्या बघण्यातच 2011 साली गेले.

वह्या? वह्या मी रद्दीत घातल्या. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्सही केला होता. म्हणजे दुहेरी अडाणी होतो. "अण्णा, आता सगळं कॉम्प्युटरात आहे, वह्यांना वाळवी लागंल," असे मी त्यांना समजावून सांगितले. रद्दीवाल्याने दीड किलोचे पैसे दिले. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त फ्लॉपीवर 'जपून ठेवणे' हे शब्द त्यांनी त्या दिवशी संध्याकाळी वाढवले.

फ्लॉपी घालायला आता जागा कुठे असते? चिरंजीवांनी पुण्याहून मित्राकडून एक डबी आणली, ती कॉम्प्युटरला जोडली, आणि इतक्या वर्षांनी ती फ्लॉपी गिरणीसारखा आवाज करीत चक्क चालू झाली. फाईल उघडली. पडद्यावर जे आले ते मराठी नव्हते आणि इंग्रजीही नव्हते. मोठी एबीसीडी, छोटी एबीसीडी, मध्येच चौकटी, मध्येच पौंडाचे चिन्ह. अण्णांनी आयुष्यात पौंड पाहिला नव्हता.

"व्हायरस आहे," चिरंजीव म्हणाले.

"रागावलेत," आमची सौ. म्हणाली.

आता खरे म्हणजे न समजणारी लिपी आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. माझे आजोबा घरचा हिशेब मोडीत ठेवीत आणि सरकारी कागद त्यांना उर्दूत येत, कारण हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत होता. अण्णांची पिढी बालबोधात शिकली आणि आजोबांचे कागद ट्रंकेत गेले. ते बाहेर पडले 2023 साली. त्या वर्षी कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर जुन्या दप्तरांची धूळ झटकणे सुरू झाले. मोडी वाचणारे, उर्दू वाचणारे यांना एकदम भाव आला. आम्हीही आमची ट्रंक उघडली. तालुक्याच्या गावी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि 1347 फसली सालचा, म्हणजे इसवी सन 1937च्या सुमाराचा, तो मजकूर घडाघडा वाचून दाखवला. नोंद वगैरे काही निघाली नाही. आजोबांनी एका सावकाराकडून बैलजोडीसाठी पैसे घेतले होते एवढे निघाले. कर्ज फिटल्याचा कागद मात्र ट्रंकेत नव्हता, म्हणून मी ट्रंक घाईने बंद केली.

तर हिशेब असा झाला. आजोबांचा शंभरीकडे झुकलेला कागद वाचता येतो आणि अण्णांची सत्तावीस वर्षांची फाईल वाचता येत नाही. ताळेबंदात असा फरक आला की कुठेतरी अफरातफर असते, एवढे बी.कॉम.ला शिकवतात. मी अफरातफर शोधायला लागलो.

पहिला संशय छापखान्यांवर. मराठी अक्षर एके काळी शिशाचे असे. देवनागरीची जोडाक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या मिळून शेकड्यांनी खिळे लागत. जुळाऱ्याच्या समोर घरांची एक छोटी चाळच उभी असे. जावजी दादाजींनी मुंबईत 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांचे वळण इतके देखणे होते की त्याचे कौतुक अजून चालू आहे. टिळकांनीही 'केसरी'साठी खिळ्यांची संख्या कमी करायचा खटाटोप केला. प्रत्येकाचे वळण निराळे, संख्या निराळी, पण खिळे कोणाचे का असेनात, छापलेला कागद सगळ्यांना वाचता येई. 'हे पुस्तक वाचण्यासाठी जावजी दादाजींचे खिळे घरी असणे आवश्यक आहे' अशी सूचना निर्णयसागरने कधी छापली नाही.

टाइपरायटरचीही तीच गोष्ट. मी स्वतः मराठी तीसची परीक्षा दिलेली आहे. गोदरेजने आपल्या देशातला पहिला टाइपरायटर 1955 साली बनवला. मी ज्यावर शिकलो तो बहुधा दुसरा असावा. त्याचा 'ळ' दाबला की खाली जाई आणि वर यायला कुरकुरे. पण तो कसाबसा उमटलेला 'ळ' तहसीलदारापासून चपराश्यापर्यंत सगळ्यांना 'ळ'च दिसे. तेव्हा टाइपरायटरही निर्दोष सुटला.

अफरातफर सापडली ती कॉम्प्युटरात, आणि ती थेट आमच्या धंद्यातली निघाली.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. या बाबतीत तो अस्सल बँकवाला आहे. आमच्याकडे जसे माणूस कळत नाही, खाते नंबर कळतो, तसे त्याच्याकडे प्रत्येक अक्षराचे एक खाते असते. मोठ्या 'ए'चे खाते नंबर 65. जुन्या पद्धतीत अशी एकंदर 256 खाती. त्यांतली पहिली 128 इंग्रजीने अमेरिकेतच उघडून घेतलेली. बाकीच्या 128मध्ये आपल्या लिप्या बसवाव्यात असे आपल्या सरकारने ठरवले आणि त्याचा आराखडा केला. त्याला इस्की म्हणतात, आणि 1991 साली तो भारतीय मानक म्हणून पक्का झाला. त्याआधी 1986 साली इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक झाला होता: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, सगळ्या भारतीय भाषांना एकच. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले 'जिस्ट'चे काम 1988 साली पुण्याच्या सीडॅकमध्ये आले आणि कॉम्प्युटरात बसवायचे एक कार्डच निघाले. योजना उत्तम होती. आपल्याकडे योजना उत्तमच असतात.

पण पत्रिका, हस्तपत्रके, दिवाळी अंक ज्या पेजमेकरवर होत, त्या पेजमेकरला इस्की माहीत नव्हते. त्याला फॉन्ट माहीत होते. मग हुशार लोकांनी युक्ती काढली. मराठीला खाते मिळत नाही ना? मग इंग्रजीच्याच खात्यावर मराठीला बसवा! 'ई'च्या खात्यात 'म' ठेवा. कॉम्प्युटर आपला समजतोय 'ई' आहे. कागदावर उमटतोय 'म'. याला आमच्याकडे बेनामी खाते म्हणतात.

उदाहरण द्यायचे तर कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द कॉम्प्युटरच्या दप्तरी छोटा ई, छोटा जे, छोटा के, मोठा बी आणि छोटा एच असा जमा असतो. फॉन्ट आहे तोवर 'मराठी' दिसते. फॉन्ट गेला की 'ई-जे-के-बी-एच' उरते, जे कुठल्याच भाषेत कशालाच म्हणत नाहीत. आणि हे बेनामीही सगळ्यांनी एका पद्धतीने केले असते तर निभावले असते. पण श्रीलिपीची मांडणी निराळी, आकृतीची निराळी, सीडॅकच्या आयएसएमची निराळी, कृतिदेवची निराळी. एकाने 'म' ज्या खात्यात ठेवला तिथे दुसऱ्याने उकाराला जागा दिली. सोलापुरात टाइप केलेला मजकूर लातुरात उघडला तर आशीर्वादाच्या जागी काय निघेल याचा नेम नसे.

यात कोणाची लबाडी होती असे मात्र मला म्हणायचे नाही. ही बेनामी खाती उघडली नसती तर 1990च्या दशकात मराठीला कॉम्प्युटरचे दार उघडलेच नसते. पुण्यामुंबईत बंगळुरात माणसांनी वर्षानुवर्षे बसून वेलांटी कुठून सुटावी आणि रफार कुठे टेकावा याची डोळे फोडून कामे केली. त्यांना पैसे मिळायला नकोत का? मी बँकवाला आहे. फुकटाचे मला कौतुक नाही. पण आपण मंडळी अशी की शंभर रुपयांच्या पत्रिकेला घासाघीस करणार आणि सॉफ्टवेअर मेव्हण्याकडून आणणार. मग कंपन्यांनी कुलूप काढले.

त्या कुलपाला डीटीपीवाले 'लॉक' म्हणत, शिकलेले लोक 'डोंगल' म्हणत. काडेपेटीएवढी डबी, ती कॉम्प्युटरच्या पाठीमागे प्रिंटरच्या जागी खोचली तरच मराठी अक्षर उमटणार. आमच्या त्या बसस्टँडसमोरच्या दुकानात कॉम्प्युटर दोन आणि लॉक एक होते. एकावर लग्न चालू असेल तर दुसऱ्यावरचे बारसे थांबत असे. मालक ती डबी रात्री घरी नेई आणि देवघरात ठेवी. एकदा पावसाळ्यात वीज कडाडली आणि लॉक जळाले. कंपनीने (नाव घेत नाही, अण्णांना आवडले नसते) कळवले की नवे लॉक म्हणजे नवे पैसे. मालकाने आठ दिवस दुकान बंद ठेवले. मग सोलापूरहून एक सीडी आली, तिला लॉक लागत नव्हते. तिच्यावर हिरव्या शाईने 'मराठी फॉन्ट 500' एवढेच लिहिले होते. ती कुठून आली हे कोणी विचारले नाही. अण्णांचे पुस्तक त्या सीडीवर टाइप झाले.

म्हणजे माझ्यापुढचा पेच बघा. फॉन्टचे नाव माहीत असते तर रीतसर पैसे भरून तो आणला असता. पण बेनामी खाते उघडणाराच बेनामी! दुकान 2004च्या सुमारास बंद पडले. तिथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

इकडे जगातही याच सुमाराला मोठे भांडण लागले होते. मराठी वर्तमानपत्रे 1990च्या दशकाअखेर इंटरनेटवर जायला लागली, पण वाचणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर त्या पत्राचा फॉन्ट कुठून असणार? तेव्हा फॉन्ट पानाबरोबरच धाडायची कल्पना निघाली. कल्पना एक, आणि ती अमलात आणणाऱ्या कंपन्या दोन. 1997 साली नेटस्केपने आपल्या ब्राउझरमध्ये ट्रूडॉक नावाची पद्धत आणली. त्याच साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये आपली निराळी पद्धत आणली. याचे पाकीट त्याला फुटेना आणि त्याचे याला. अमेरिकेतला माझा एक मावसभाऊ तेव्हा सांगायचा की त्याच्या कॉम्प्युटरवर तीन मराठी वर्तमानपत्रांसाठी तीन फॉन्ट भरलेले आहेत, आणि एकाचा फॉन्ट चुकून दुसऱ्याला लागला की अग्रलेख जास्त समजतो. सगळ्या ब्राउझरांनी मानावा असा एकच फॉन्टचा नमुना ठरून तो शिफारस म्हणून जाहीर व्हायला 2012चा डिसेंबर उजाडला. पंधरा वर्षे! आमच्या भावकीतला बांधाचा दावासुद्धा बारा वर्षांत मिटला होता.

पण या दोघांच्या भांडणाबाहेर एक तिसरेच काम शांतपणे चालले होते. 1991 साली, म्हणजे आपले इस्की पक्के झाले त्याच वर्षी, कॅलिफोर्नियात युनिकोड नावाची संस्था स्थापन होऊन तिची पहिली आवृत्ती निघाली. तिचा विचार इतका साधा होता की तो एखाद्या शाखाधिकाऱ्यालाही सुचला असता: 256 खाती पुरत नाहीत ना, मग लेजर मोठे करा. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला कायमचा स्वतंत्र नंबर द्या. देवनागरीची मांडणी त्यांनी आपल्या इस्कीवरूनच घेतली. 'क'चा नंबर 2325, 'म'चा 2350, आणि आमचा कुरकुरणारा 'ळ' 2355. हे नंबर धाराशिवात, न्यूयॉर्कात, टोकियोत एकच. फॉन्ट कोणाचाही असो, वळण कसेही असो, खाते ज्याच्या त्याच्या नावावर. पुढे 2000 साली विंडोजमध्ये 'मंगल' हा फॉन्ट घालून मिळायला लागला. तो रचणारे र. कृ. जोशी हे मराठी कवी आणि सुलेखनकार.

अक्षराचा नंबर सगळ्यांचा झाला, पण वळणाचे काय? तेही काहींनी मोकळे केले. रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेला 'लोहित' फॉन्ट 2011 पासून खुल्या परवान्यावर आहे. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' तसाच. हा परवाना म्हणतो: वापरा, बदला, वाटा, फक्त नुसता फॉन्ट वेगळा काढून विकू नका. आमच्या शाखेत यावर रोज डबा खाताना वाद होतो. एक सहकारी म्हणतो, फुकटाची वस्तू टिकत नाही. दुसरा म्हणतो, फुकट नव्हे, मुक्त. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली मुक्त सॉफ्टवेअरची घोषणा केली तेव्हापासून साहेबलोक हाच वाद घालताहेत, कारण इंग्रजीत 'फ्री' या एका शब्दात दोन्ही अर्थ कोंबले आहेत. मराठीत शब्द दोन आहेत. तरी आमचा डबा गार होतोच. माझे मत विचाराल तर, आणि कोणी विचारीत नाही, खिळे विकणे वेगळे आणि अक्षर विकणे वेगळे. देखण्या वळणाचे पैसे मी आनंदाने देईन. पण माझ्या बापाने लिहिलेला 'म' हा 'म' आहे एवढे सांगायला देवघरातली डबी लागू नये.

नंबर मिळाले म्हणून भांडणे संपली असे समजू नका. आपण मराठी माणसे आहोत. युनिकोडातही एकाच शब्दाला दोन वाटा ठेवायची सोय आहे आणि आपण त्या दोन्ही वाटांनी जातो. साधा 'बँक' हा शब्द घ्या. काही जण आयता चंद्रबिंदू वापरून 'बँक' लिहितात, काही जण आधी चंद्र आणि मग अनुस्वार देऊन 'बॅंक' लिहितात. डोळ्यांना जुळे भाऊ. कॉम्प्युटरला दोन निराळ्या आसामी. बावीस वर्षे ज्या संस्थेचे मीठ खाल्ले तिचे नाव मी शोधायला टाकले की अर्ध्या फायली सापडत नाहीत. 'ॲ' या अक्षराला तर स्वतःचे खाते 2008 साली मिळाले. तोवर ते 'अ'च्या घरी पोटभाडेकरू होते. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे की मराठी, यावर शासनाला 2009 साली निर्णय काढावा लागला. आणि आमच्या गावाचे नाव 2023 साली सरकारदरबारी धाराशिव झाले तेव्हा कॉम्प्युटरने ते एका रात्रीत घेतले, रबरी शिक्क्यांना मात्र तीन महिने लागले.

शिवाय जुनी बेनामी खाती बंद झालेली नाहीतच. फ्लेक्सवाले अजून ती चालवतात, कारण त्यांचे जुने सॉफ्टवेअर युनिकोडची ऱ्हस्व वेलांटी जागेवर ठेवत नाही. 2024च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या चौकात एका मंडळाने अभिनंदनाचा मोठा फलक लावला. त्यावर वेलांटी एक घर पुढे सरकून 'अभजिात' छापले होते. आठ दिवस तो तसाच होता. खालून जाणाऱ्या कोणालाही तो वाचायला अडचण आली नाही, एवढी आपली भाषा अभिजात आहे.

असो. फ्लॉपीकडे येतो.

बेनामी खात्याचा खरा मालक शोधायचा तर जुने व्हाउचर लागते. ते मिळाले. अण्णांच्या पेन्शनच्या कागदांत पहिल्या चार पानांचे प्रूफ निघाले, लाल शाईने तपासलेले. मास्तरांनी शेवटी टाइप करणाऱ्याला शंभरपैकी एकसष्ट गुणही दिले होते. मग मी आणि चिरंजीव बसलो. एका हाताला प्रूफ, दुसऱ्या हाताला पडद्यावरचा गोंधळ. प्रुफात 'गाव' आहे, पडद्यावर अमुक तीन चिन्हे आहेत. म्हणजे पहिले 'ग', दुसरे काना, तिसरे 'व'. टिक. पुढचे. माझ्या नोकरीत दुसरे काही झाले नसेल, पण टिक करायची सवय झाली आहे. तीन रात्री लागल्या. चिरंजीव माझ्याकडे प्रथमच जरा आदराने बघायला लागले. त्यांनी माझ्या यादीवरून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि चौथ्या रात्री अकराच्या सुमारास 112 पानांचा अख्खा मजकूर एका दमात मराठी झाला.

सौ.ने देवापुढे साखर ठेवली. मी मोठ्याने वाचायला लागलो.

'रझाकारांच्या भीतीने आम्ही सारे गाव सोडून बालाघाटच्या दर्यांत तीन रात्री काढल्या.'

मी थांबलो. येडशीच्या डोंगरात समुद्र? ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतो तिथे दर्या? पुढे वाचले. 'मुक्तीच्या आनंदात गावजेवण झाले. दहा आचार्यांनी मिळून भात शिजवला.' आणखी पुढे शेतकर्यांनी पेरण्या केल्या होत्या, वार्यावर पत्रे उडाले होते आणि एका म्हातार्याने अण्णांना उचलून घेतले होते.

घोटाळा कळला. 'दऱ्या'तला अर्धा र, तो पापणीसारखा आडवा, ज्याच्यासाठी मराठीने सगळ्या देवनागरीवाल्यांशी भांडून आपली जागा राखली आहे, तो त्या चार पानांच्या प्रुफात कुठे आलाच नव्हता. म्हणून आमच्या यादीत नव्हता. प्रोग्रॅमने त्याचा सरसकट रफार करून टाकला होता.

"सोपं आहे, बाबा," चिरंजीव म्हणाले. "सगळे रफार बदलून टाकतो. एक सेकंद."

एक सेकंदाने बालाघाटातला समुद्र आटला. पण त्याच सेकंदात सूर्याचा 'सूऱ्य' झाला, कार्याचे 'काऱ्य' झाले, आणि अण्णा भूदानाच्या एका सभेला गेले होते तिथे आचार्य विनोबा भावे हे आचारी झाले. फ्लॉपीवरची मूळ चिन्हे पुन्हा तपासली तर टाइप करणाऱ्यानेही मनाला येईल तसे कधी हे, कधी ते चिन्ह वापरले होते. एकसष्ट गुण उगीच नव्हते. म्हणजे यंत्राने निभणारे काम नव्हे. प्रत्येक शब्दाशी थांबून, वाक्य वाचून, अण्णांना इथे काय म्हणायचे असेल हे ठरवायचे आणि मग टिक करायची.

एकशे बारा पाने. मी ती यापूर्वी कधीही वाचली नव्हती. अण्णा होते तेव्हा "वाचतो, वाचतो" म्हणायचो. मग फ्लॉपी होती, म्हणजे कधीही वाचता येणारच होती. आता रोज रात्री जेवण झाले की दोन-तीन पाने होतात. 1972च्या दुष्काळात ते शाळा सुटल्यावर खडी फोडायच्या कामावर हजेरी लिहायला जात, हे मला माहीत नव्हते. भूकंपानंतर महिनाभर ते रोज पटावरची नावे वाचत आणि ज्यांची 'हजर' येत नसे त्यांच्या पुढे काहीच लिहीत नसत, हेही माहीत नव्हते. त्या पानावर रफाराचा एकही शब्द नव्हता. तरी तिथे मला दोन रात्री लागल्या.

परवा पान 87 वर अडलो. 1974 साली शिक्षकांची सहल एस.टी.ने कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेली होती. अण्णांनी लिहिले आहे: 'जन्मात प्रथमच दर्या पाहून छाती दडपून गेली.' आता घाटातल्या दऱ्या की रत्नागिरीचा दर्या? दोन्ही पाहून छाती दडपते. दोन्ही व्याकरणात बसतात. वाक्याच्या मागेपुढे काही धागा नाही.

आई त्या सहलीला होती. ती आता ऐंशीच्या घरात आहे, पण हिशेबाला पक्की. तिला वाक्य वाचून दाखवले आणि विचारले, अण्णांना कुठलं म्हणायचं असंल?

"घाटात?" आई म्हणाली. "घाटात ते डोळे मिटून बसले होते. गाडी लागायची त्यांना. लिंबू धरून मीच बसले होते नाकापाशी."

"म्हणजे समुद्र."

"समुद्रावर कुठं? तिथं त्यांचा चष्मा पडला वाळूत. सगळी मास्तरं पाण्यात, आन् हे आपले खाली मान घालून वाळू चिवडायलेत. चष्मा सापडंस्तोवर अंधार पडला की."

मी काही न बोलता लॅपटॉपकडे बघत राहिलो. आईने विचारले, "काय लिव्हायलास मग?"

"बघू पुढं," मी म्हणालो, आणि पान 88 उघडले.